काडीपैलवानांची महागाथा

खलनायक हरला आहे. ज्या द्वारासाठी त्याने एवढा खटाटोप केला, त्याच द्वारावर रॉयने त्याला उचलून भिरकावले आणि द्वाराच्या संरक्षक मंत्रांनी त्याच्या हाडांची राख केली. किल्ल्यातली गॉब्लिन सेना पांगली आहे. आता खजिना गोळा करायचा आणि घरचा रस्ता धरायचा, एवढेच बाकी उरले आहे. अशा वेळी टोळीतला गवई एलान याला एक जादूची खूण सापडते. ती जागवली तर सबंध किल्ला उडणार, अशी ती खूण आहे. एलान ती जागवतो.

किल्ला उडतो. टोळी कशीबशी बाहेर पडते, सगळे एलानवर ओरडतात, वाचक हसतो आणि पान उलटतो. विनोदी चित्रमालिकेत असा प्रसंग इथेच संपतो, कारण पुढच्या भागात नवा विनोद असतो आणि मागचा किल्ला कुणाच्या लक्षातही नसतो. ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’मध्ये मात्र काही काळाने निळ्या पोशाखातली एक करारी धर्मयोद्धा या टोळीला गाठते, बेड्या घालते आणि शेकडो मैल चालवत आपल्या राजधानीत नेते. आरोप असतो विश्वाची वीण सैल केल्याचा. किल्ल्याबरोबर जे द्वार उडाले, ते जगाला सावरून धरणाऱ्या पाच द्वारांपैकी एक होते. आणि आरोप खरा असतो.

रिच बर्लू या अमेरिकी लेखक-चित्रकाराची ही चित्रमालिका इंटरनेटवर 2003 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली. आज तिचे 1,300 हून अधिक भाग झाले आहेत आणि पहिल्यापासून आतापर्यंतचे सगळे भाग कुणालाही फुकट वाचता येतात. तिची गणना विनोदी फँटसीत होते आणि ती योग्यच आहे. पण एखाद्या वेंधळ्या माणसाने हसत-खेळत केलेल्या चुकीचा हिशेब इतक्या चिकाटीने आणि इतक्या माणुसकीने मांडणारी दुसरी विनोदी कथा सहजासहजी सापडणार नाही. या प्रस्तावनेचा सगळा भर त्या हिशेबावर आहे. त्यासाठी कथेतले काही धागे उघड करावे लागतील. रहस्य कळले म्हणून रस ओसरावा अशी ही कथा नाही, त्यामुळे त्याची फार चिंता नको.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आणला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी पुरोहित, कुणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपापले पात्र काय करते ते सांगतात आणि ते जमले की फसले हे वीस बाजूंच्या फाशावर ठरते. राक्षस मारला की अनुभवाचे गुण मिळतात, गुण साठले की पात्राची पातळी वाढते. प्रत्येक पात्राच्या नावापुढे त्याचा स्वभावही नोंदवलेला असतो. त्यासाठी दोन मोजपट्ट्या आहेत, एक सज्जन ते दुर्जन आणि दुसरी नियम पाळणारा ते नियम मोडणारा. दोन्ही एकत्र केल्या की नऊ घरे तयार होतात आणि जगातल्या प्रत्येकाला त्यांतल्या एका घरात बसावे लागते.

असल्या जाडजूड नियमपुस्तकांवर विनोद होणे अटळच होते. ‘ड्रॅगन’ या खेळाच्या मासिकात फिल फोलिओची ‘फिल अँड डिक्सी’ ही जोडी 1980 च्या दशकातच या खेळाची टर उडवत होती. बर्लूची सुरुवातही तशीच झाली. 2002 मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने खेळासाठी नवे काल्पनिक जग शोधण्याची मोठी स्पर्धा घेतली. बर्लू त्यात शेवटच्या तिघांत पोचला. ज्याचे ‘एबेरॉन’ हे जग निवडले गेले तो कीथ बेकर त्या तिघांतलाच एक. पुढे बर्लूने खेळाविषयीच्या लेखांसाठी स्वतःची साइट काढली आणि लोकांनी परतून यावे म्हणून सोबत एक चित्रमालिका जोडली. लेख मागे पडले, चित्रमालिका पुढे गेली. खेळाच्या नियमांची सुधारित आवृत्ती 2003 मध्येच आली होती आणि पहिल्या भागाचा विषयही तोच आहे. ऐन लढाईत नियम बदलतात आणि पात्रांना ते स्वतःच्या अंगावर जाणवते. हे लोक खेळात राहतात, पण आपण खेळात राहतो हे त्यांना ठाऊक असते. ‘माझा फासा वाईट पडला’ असे ते तोंडाने म्हणतात आणि जखमेतून रक्तही येते.

चित्रे पाहून नवा वाचक आधी बिचकतो. गोल डोके, डोळ्यांच्या जागी साधे आकार, नाक नाही, हातपाय म्हणजे एकेक रेघ. सगळेच काडीपैलवान. शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर कुणीही काढील अशी ही माणसे बर्लू संगणकावर काढतो. पण दहा-पंधरा भाग वाचले की या साधेपणामागचा विचार दिसू लागतो. चेहऱ्यावर बदलण्यासारखे जवळजवळ काहीच नसल्यामुळे भुवईची रेघ किंचित तिरपी झाली तरी ती लगेच डोळ्यांत भरते. संवाद भरपूर असतात आणि ते वाचताना चित्र आड येत नाही. शिवाय कधी चित्रशैलीच मोडायची असेल तर तो धक्का मोठा बसतो. जगाच्या उत्पत्तीची कथा येते तेव्हा सगळी चौकटबद्ध टापटीप बाजूला ठेवून मेणाच्या खडूंनी रंगवल्यासारखी चित्रे येतात. देवांनी मिळून जग विणले, विणताना त्यांच्यात भांडणे झाली, भांडणांमुळे धाग्यांचा गुंता झाला, तो गुंता जिवंत झाला आणि त्याने देवांचे एक सबंध कूळ संपवले. ही भयानक गोष्ट बालवाडीच्या खडूंत सांगितल्यामुळे जास्तच अंगावर येते. त्या गुंत्याला कोंडून ठेवण्यासाठी ती पाच द्वारे उभारलेली आहेत.

टोळीत सहा जण आहेत. रॉय ग्रीनहिल्ट हा योद्धा आणि म्होरक्या, डोके असलेला आणि त्यामुळेच सतत वैतागलेला. ड्युरकॉन हा थॉरचा पुरोहित, बुटक्या ड्वार्फ जमातीचा, कर्तव्यापुढे कुणाचे न ऐकणारा. वारसूव्हियस हा किंवा ही एल्फ जादूगार. पुरुष की स्त्री हे बर्लूने इतक्या वर्षांत सांगितलेले नाही. बेलकार हा हाफलिंग, उंचीने कंबरेएवढा आणि मनाने सरळसरळ खुनशी. हेली स्टारशाइन ही चोर. आणि एलान हा गवई, ज्याची बुद्धी मंद आणि मन निर्मळ आहे. एकदा तो हाताच्या पंजावर घालायच्या बाहुलीला देव ठरवतो आणि तिच्यासाठी भक्तही गोळा करू पाहतो.

कायद्याच्या नजरेने पाहिले तर ही टोळी गुन्हेगारांचीच आहे. हेली तर चोरांच्या संघटनेतून फुटून निघालेली. त्या संघटनेलाही नियम आहेत, वर्गणी आहे आणि फुटणाऱ्याला शिक्षा आहे. बेलकारबद्दल बोलायलाच नको. पण खरी गंमत एलानची. त्याच्या मनात कुणाचेही वाईट नाही आणि गुन्ह्यांच्या यादीत सर्वांत मोठा गुन्हा त्याचाच. पुढे क्लिफपोर्ट शहरात त्याचा जुळा भाऊ नेल त्याला गाठतो. एलान नावाची इंग्रजी अक्षरे उलटी केली की नेल होतो आणि माणूसही नावाप्रमाणे उलटा आहे. आईवडील वेगळे झाले तेव्हा एक मुलगा आईकडे वाढला, एक वडिलांकडे. दोघांना वेगळे ओळखण्याची खूण म्हणजे नेलची टोकदार दाढी. नेल स्वतःची दाढी उतरवतो, एलानला आपले रूप देतो आणि पोलिसांच्या हवाली करून त्याची जागा घेतो. अशा रीतीने एलान न केलेल्या गुन्ह्यांसाठी तुरुंगात जातो. तिथे नेलचाच अडाणी साथीदार थॉग त्याला भेटतो. दोघे मिळून पळतात आणि आपला गवई आता खरोखरीचा फरारी होतो.

फरारी अवस्थेत त्याची गाठ हुलिओ स्काउंद्रेल नावाच्या हवाई जहाजाच्या कप्तानाशी पडते आणि कप्तान त्याला एक खास तलवारबाजी शिकवतो. तिचा नियम असा की वार करताना चुरचुरीत शाब्दिक कोटी केली, तर वक्त्याच्या मोहकपणाचे बळ तलवारीला मिळते. मूर्ख माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या मूर्खपणासकट उपयोगी पडणारी विद्या मिळते. एलान त्यानंतरही हुशार होत नाही, हे बर्लूने फार चांगले केले. विनोदी कथेतल्या वेंधळ्याला शेवटी शहाणा करून टाकणे सोपे असते आणि त्यात त्या पात्राचा जीव जातो.

आता खटल्याकडे वळू, कारण मालिकेचा कणा तिथे आहे. राजधानीचा म्हातारा राजा शोजो मांजराचा सल्ला घेऊन राज्य चालवतो, म्हणून सगळे त्याला भ्रमिष्ट समजतात. आरोपींची बाजू मांडायला सेलिया ही वायुकन्या वकील म्हणून येते. न्यायासनावर एक तेजस्वी दैवी शक्ती प्रकट होते, युक्तिवाद होतो, टोळी निर्दोष सुटते. मग पडद्यामागचे कळते. राजा भ्रमिष्ट नाही. सबंध खटला त्याने घडवून आणला आहे आणि ती दैवी शक्ती म्हणजे रॉयच्या मेलेल्या बापाचे भूत आहे. शोजोच्या पदरी धर्मयोद्ध्यांची एक गुप्त सेना आहे, पण इतर द्वारांच्या कामात हात घालायचा नाही अशा शपथेने ती बांधलेली आहे. द्वारे तर एकामागून एक धोक्यात आहेत. शपथेने बांधलेल्या माणसांना जे करता येत नाही, ते करायला शपथ नसलेली माणसे हवीत. म्हणून त्याने ही बदनाम टोळी आपल्या दरबारात बेड्या घालून आणवली.

टोळीला पकडून आणणारी धर्मयोद्धा म्हणजे मिको मियाझाकी. ती शूर आहे, प्रामाणिक आहे, लाच घेत नाही, दमत नाही आणि आपण चुकू शकतो हे तिच्या मनाला कधी शिवत नाही. शोजोची लबाडी तिच्या कानावर पडते तेव्हा ती स्वतःच फिर्यादी, न्यायाधीश आणि जल्लाद होते आणि आपल्या राजाला तलवारीने कापते. देव तत्क्षणी तिच्याकडून सगळे सामर्थ्य काढून घेतात. तिला कैद होते. पण तरीही तिचा तर्क थांबत नाही. देवांनी आपल्याला टाकले ते कुठल्या तरी मोठ्या कार्यासाठीच, अशी तिची खात्री असते. शत्रूची फौज शहरात घुसते, कैद फुटते आणि मिको सिंहासनाच्या दालनात पोचते. तिथे धर्मयोद्ध्यांच्या त्या गुप्त सेनेच्या संस्थापकाचा आत्मा खलनायकांना जवळजवळ नामोहरम करत आलेला असतो. दोन क्षण थांबली असती तर लढाई जिंकली असती. मिको थांबत नाही. द्वार जपणाऱ्या नीलमण्यावर ती तलवार घालते. स्फोट होतो आणि दुसऱ्यांदा एक द्वार आपल्याच माणसाच्या हाताने नष्ट होते.

हे दोन स्फोट शेजारी ठेवून पाहावेत. एकाच्या मुळाशी अजाणपणा आहे, दुसऱ्याच्या मुळाशी स्वतःविषयीची खात्री. पहिल्या खेपेस वाचक हसला, दुसऱ्या खेपेस त्याच्या घशात आवंढा येतो. एलानला खटल्याला सामोरे जावे लागले आणि झापणारे मित्र त्याच्याजवळ होते. मिकोच्या जवळ कुणी नव्हते, कारण तिने कुणाला जवळ येऊ दिले नव्हते. मरताना संस्थापकाचा आत्मा तिच्यापाशी येतो. तिला क्षमेचे समाधान तो देत नाही, पण तिचा लाडका घोडा तिला भेटायला येत जाईल एवढे सांगतो. मालिकेतल्या सर्वांत कर्मठ पात्राला बर्लूने दिलेला हा निरोप आहे. यात सूड नाही आणि खोटी दयाही नाही.

पुढे तिसरा स्फोटही येतो. वाळवंटातल्या पिरॅमिडमध्ये जे द्वार असते, ते रॉय स्वतः, पूर्ण विचार करून, तलवारीने फोडतो, कारण ते शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा नष्ट झालेले बरे असे त्याला वाटते. तो बरोबर होता का? बर्लू झटकन निवाडा देत नाही. एकच कृती तीन स्वभावांच्या माणसांकडून तीनदा करवून घेऊन तो मोकळा होतो आणि कुणाला किती दोष द्यायचा ते वाचकाने ठरवायचे असते. नऊ घरांच्या तक्त्यातून निघालेल्या चित्रमालिकेने तो तक्ता किती अपुरा आहे हे इतक्या सफाईने दाखवावे, हे तिचे सर्वांत मोठे यश आहे.

हिशेब चुकता होण्याची आणखी उदाहरणे पुष्कळ आहेत. सुरुवातीच्या काळात जंगलातले दरोडेखोर एलानला पकडतात. रोजच्या कटकटीला कंटाळलेला रॉय म्हणतो, बरे झाले, आणि पुढे चालू लागतो. नंतर त्याला स्वतःची लाज वाटते, तो मागे फिरतो. प्रसंग हसवतो आणि संपतो. शेकडो भागांनंतर रॉय लढाईत मरतो. स्वर्गाच्या दारात एक देवदूत कचेरीतल्या अधिकाऱ्यासारखी त्याची फाइल उघडून बसलेली असते. पानामागून पान उलटत ती त्या जंगलापाशी येते आणि विचारते: मित्राला दरोडेखोरांच्या तावडीत सोडून गेलात, याचे काय? सगळ्या फाइलीत हीच नोंद त्याला सर्वांत जड जाते. वाचक विसरला होता, लेखक विसरलेला नव्हता. शेवटी रॉयला प्रवेश मिळतो. तो कधी चुकला नाही म्हणून नव्हे, तर चुकल्यावर पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहिला म्हणून.

हेलीचा सोन्याचा हावरटपणा हाही असाच. सुरुवातीला तिची लालसा हा हुकमी विनोद असतो. मग कळते की तिचा बाप परक्या राज्यात कैदेत आहे आणि त्याच्या सुटकेची खंडणी ती नाण्या-नाण्याने साठवते आहे. साठवलेला खजिना जळतो तेव्हा तिची वाचाच जाते. त्यानंतर कितीतरी भाग ती फक्त सांकेतिक अक्षरांत बोलते, एका अक्षराच्या जागी दुसरे. वाचक कागद-पेन्सिल घेऊन तिचे बोलणे उलगडत बसत. एलानपाशी प्रेमाची कबुली देताना तिची वाचा परत येते. सांकेतिक भाषा हा खेळ होता, तसाच आपले गुपित कुणालाच न सांगणाऱ्या मुलीच्या घुसमटीचा तो आकारही होता.

सर्वांत कठोर उदाहरण जादूगाराचे. वारसूव्हियसच्या मुलांवर सूड उगवायला आलेल्या एका ड्रॅगन मातेला वारसूव्हियस मारते आणि तेवढ्यावर न थांबता तिच्या रक्ताच्या नात्यातल्या प्रत्येक जिवाला एकाच मंत्राने संपवते. त्या क्षणी तो मंत्र अफाट सामर्थ्याचा वाटतो. काही वर्षांनी टोळी वाळवंटातल्या त्या पिरॅमिडमध्ये पोचते. आत सगळीकडे माणसांची प्रेते आहेत. एक सबंध कुटुंब जागच्या जागी मेलेले आहे. त्या कुटुंबात कधीकाळी ड्रॅगनचे रक्त मिसळले होते. हे कोडे सोडवताना जादूगाराच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहावे. दोन ठिपके आणि एक रेघ एवढाच तो चेहरा आहे आणि त्याच्याकडे फार वेळ बघवत नाही.

खलनायकांच्या बाजूलाही हीच शिस्त आहे. रेडक्लोक हा गॉब्लिनांचा पुरोहित. सामान्य फँटसीत गॉब्लिन म्हणजे नायकाने कापायचे पीक, त्यांना नाव-गाव लागत नाही. बर्लू विचारतो, त्या गॉब्लिनांचे काय म्हणणे आहे? ‘स्टार्ट ऑफ डार्कनेस’ हे 2007 चे पूर्वकथेचे पुस्तक याच प्रश्नातून आले. त्यात धर्मयोद्ध्यांची सेना रेडक्लोकच्या वस्तीवर चालून येते आणि बायका-मुलांसकट कत्तल करते. देवांनी आपल्या पुरोहितांना अनुभवाचे गुण सहज मिळावेत म्हणूनच गॉब्लिन निर्माण केले, असे त्याला कळते. खेळाच्या नियमातली एक सोय इथे एका सबंध जमातीवरचा अन्याय होऊन समोर येते. रेडक्लोक म्हणून निर्दोष ठरत नाही. त्याच्या हातून अक्षम्य गोष्टी घडतात आणि बर्लू त्या झाकत नाही. पण तो जिंकलेल्या शहरात गॉब्लिनांचे राज्य उभारतो आणि इतर काही राज्ये त्या राज्याला मान्यता देतात, तेव्हा ‘हे परत घ्या’ असे वाचकाला सहज म्हणवत नाही.

आणि एलानचा बाप टारक्विन. गोड बोलणारा, खानदानी, मुलावर जीव टाकणारा सेनापती. बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या मुलाच्या स्वागतासाठी तो डोंगरावर आगीच्या अक्षरांत मुलाचे नाव लिहवतो. एलान हरखून जातो. मग कळते की ती अक्षरे म्हणजे पळून जाताना पकडलेले गुलाम आहेत, जिवंत जाळलेले. इथे चित्रमालिका अंगावर काटा आणते. टारक्विनला कथांचे सगळे नियम पाठ आहेत. नायक कोण, त्याचा मदतनीस कोण, बापलेकांचा शेवटचा सामना कुठल्या वळणावर व्हावा, हे सगळे त्याने ठरवून ठेवले आहे. एलानलाही कथांचे नियम पाठ आहेत, जन्मभर तो दुसरे काही शिकलेलाच नाही. त्यामुळे बापाला काय दिले तर त्याचा विजय होईल, हे त्याला बरोबर कळते. तो बापाला भव्य शेवट देतच नाही. हवाई जहाज निघून जाते, बाप खाली राहतो आणि ‘असा कसा शेवट?’ म्हणून आकांत करतो. टोळीतल्या सर्वांत मठ्ठ माणसाने सर्वांत चतुर शत्रूला दिलेली ही मात मालिकेतल्या उत्तम प्रसंगांपैकी आहे.

हे सगळे चालले कशावर, तेही सांगायला हवे. साइटवर सगळे फुकट आणि उत्पन्न छापील पुस्तकांतून, हा बर्लूचा मार्ग. पहिला संग्रह ‘डंजन क्रॉलिन’ फूल्स’ 2005 मध्ये आला. पुस्तके तो स्वतः प्रकाशित करतो, त्यांत नवे भाग आणि स्वतःची टिपणे घालतो. काही पुस्तके संपली आणि पुन्हा छापायला भांडवल नव्हते, तेव्हा 2012 च्या आरंभी त्याने किकस्टार्टरवर वाचकांना साद घातली. मागणी होती 57,750 डॉलरची. महिन्याभरात 14,952 लोकांनी मिळून 12,54,120 डॉलर दिले. चित्रमालिकेसाठी तोवर इतका पैसा तिथे कधीच जमला नव्हता. जे फुकट वाचले होते, त्याचेच हे मोल होते. त्याच वर्षी बर्लूच्या हाताला काचेने खोल जखम झाली आणि काही महिने काम थांबले. वाचक थांबले, कथाही थांबली, मग पुढे सुरू झाली.

दोष दाखवायचेच तर आहेत. सुरुवातीचे शंभरएक भाग नियमांच्या विनोदात इतके रुतलेले आहेत की खेळ न खेळलेल्याला निम्मे कळत नाहीत. स्त्री पात्रांवरचे काही जुने विनोद आज जुनाट वाटतात. मधल्या पुस्तकांत संवाद इतके दाटतात की चौकटीत चित्राला जागा उरत नाही. नवे भाग केव्हा येतील याचा नेम नसतो, कधी दोन आठवडे, कधी त्याहून जास्त. पण ज्या कथेतली प्रत्येक थट्टा पुढे जबाबदारी म्हणून परत येते, तिच्याबाबत एवढी वाट पाहणे मुळीच महाग नाही.

मराठी वाचकाने ती वाचायला घेताना दोन गोष्टी कराव्यात. पहिली, कुणी कितीही सुचवले तरी मधल्या एखाद्या गाजलेल्या प्रसंगापासून सुरुवात करू नये. पहिल्या भागापासून क्रमाने जावे, न कळलेला नियमाचा विनोद खुशाल सोडून द्यावा आणि किल्ला उडेपर्यंत तरी थांबू नये. दुसरी, इंग्रजी वाचणारी बारा-तेरा वर्षांची मुले घरात असतील तर त्यांच्याबरोबर वाचावी. हिंसेचे आणि मोठ्यांच्या थट्टेचे प्रसंग येतात, म्हणून आधी आपण पुढे वाचून ठेवावे. बर्लूने ही कथा सात पुस्तकांत संपवायचे ठरवले आहे आणि आता सातव्या पुस्तकाचे भाग येत आहेत.